श्रीपतच्या गालातलं पाणी

येसूबाई नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसते, हे पोशीरच्या बायकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या पदराआड हसल्या. पोरं हाताशी आली आणि हिचं अजून नवलाईचं बघणं सरेना. हसू देत बापड्या. येसूबाईला त्या तोंडाची काही हौस नव्हती. ते हलतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

तिचा नवरा श्रीपत विंचू उतरवायचा. मंत्र बापाकडून आलेला, बापाला त्याच्या मामाकडून. त्याचे नेम मोठे कडक. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं. वैरी दारात आला तरी नाही म्हणायचं नाही. बदल्यात काही घ्यायचं नाही, घोटभर चहासुद्धा नाही. आणि ग्रहण लागलं की नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मंत्र जागवायचा, नाहीतर तो शिळा होतो. वरच्या आळीतली माणसं एरवी महारवाड्याच्या वाटेला वळसा घालून जात, पण विंचू चावला की धावत याच वाटेनं येत. मंत्राचा एक मोठा गुण होता. तो लांबून टाकता यायचा. श्रीपत चार हातांवरून लिंबाची डहाळी हलवायचा, पुटपुटायचा, आणि कुणाचा विटाळ न होता विष उतरायचं. दोन्हीकडची अब्रू शाबूत.

मग ते दीक्षेचं साल आलं. महारवाड्याची बौद्धवाडी झाली. घराघरातले देव एका टोपलीत गोळा करून नदीत सोडायचं ठरलं. येसूबाईनं सासूचे चांदीचे टाक स्वतःच्या हातानं टोपलीत ठेवले. सासू मेली तेव्हा डोळे मिटायच्या आधी तिनं ते टाक सुनेच्या ओंजळीत घातले होते. तरी त्या दिवशी येसूबाईचा हात मागे आला नाही. एकदा उचललं पाऊल ते उचललं. टोपली डोहात बुडाली तेव्हा श्रीपत सगळ्यांदेखत म्हणाला, “माझा मंत्रबी मी हितंच सोडला.”

लोकांनी मान डोलावली. येसूबाईच्या मनात मात्र तिथल्या तिथे पाल चुकचुकली. देव टोपलीत मावले. मंत्र कशात घातला यानं? तो तर याच्या तोंडात.

विंचवांनी काही दीक्षा घेतली नव्हती. ते चावतच राहिले आणि माणसं श्रीपतच्या दारात येतच राहिली. काही वर्षं तो नेरळला रेल्वेच्या गँगमध्ये होता. तिथल्या मुकादमाकडून मलमपट्टीचं थोडंफार शिकला होता, ते आता कामी आलं. चावलेली जागा साबणानं धुवायची. थंड पाण्याची पट्टी ठेवायची. हात असो की पाय, हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचा नाही, वस्तऱ्यानं चिरायचा तर मुळीच नाही. मधमाशीचा काटा चिमटीत न धरता नखानं खरवडून काढायचा. माणसाला थंडगार घाम सुटला, तोंडाला लाळ आली, उलटी झाली की तांबडा विंचू समजायचं आणि गाडी जुंपून कर्जतचा सरकारी दवाखाना गाठायचा. सगळं सरळ होतं. अडचण एकच. मंत्र लांबून चालायचा, साबणाला पाय हातात धरावा लागतो. वरच्या आळीत कुजबुज उठली की शिरपाकडे मंत्र आहे, पण बाटल्यापासून मुद्दाम काढत नाही, शिवायची हौस भागवून घेतो.

इकडे बौद्धवाडीत उलटी कुजबुज. ती पेरली हवाबीनं. हवाबी नेरळची, सुकट-बोंबलाची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. पाटीत सुकट आणि जिभेवर या गावाची बातमी त्या गावाला. येसूबाईच्या ओट्यावर पाणी पिता पिता ती म्हणाली, “येसू, तुजा मालक काय पुटपुटतो गं? आमच्या शकूरला गांधीलमाशी चावली तवा मी बगितलं. हात पट्टी ठेवतायत नि ओठ आपले चाललेत शेळीवानी.”

येसूबाईनं तिला सुकट कमी भरलीस म्हणून चार शब्द सुनावले आणि वाटेला लावलं. पण त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या ओठांवर पाळत ठेवू लागली. आणि ते खरंच हलत होते. पट्टी पिळताना हलायचे, पाय धरून बसला की हलायचे. तिनं विचारलं तर म्हणाला, तोंड सुकतं. तिनं तांब्या समोर आदळला. पाणी प्यायला, आणि पुन्हा हलू लागले. रात्री तो झोपेत काय बरळतो याच्यावर तिनं कान लावला, तर तो बैलाला शिव्या देत होता. सूर्यग्रहणाच्या दिवशी भर दुपारी बैल धुवायला म्हणून तो नदीवर गेला, तेव्हा ही शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मागोमाग. करंजाच्या आडून बघते तर श्रीपत कमरेइतक्या पाण्यात उभा. पण बैलसुद्धा पाण्यात, आणि तो बैलाची पाठ घासतोय. आता धुणारा माणूस पाण्यात नाही तर कुठे उभा राहील? ती तशीच परतली. बैल ग्रहणातच का धुवावा लागला, हे कोडं तिला रात्रभर पुरलं.

तिचं दुखणं वेगळंच होतं. मंत्र याच्या तोंडात जिवंत असेल, तर सासूचे टाक तिनं कशासाठी बुडवले? बाईच्या हातातलं गेलं आणि बाप्याच्या तोंडातलं राहिलं, असा हिशेब तिला जन्मात पटला नसता.

त्यात धर्माजी घरी आला. धर्माजी बौद्ध पंचायतीचा म्होरक्या. शाळेत शिपाई, अंगावर कायम इस्त्रीचा सदरा. विहाराच्या भिंती त्याच्याच जिद्दीवर उभ्या राहिल्या होत्या. तो ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं की पौर्णिमेला बैठक आहे आणि श्रीपतचा विषय निघणार. एका माणसाच्या तोंडापायी साऱ्या वस्तीला वरची आळी हसते, बघा म्हणे, देव बुडवले नि भुताटकी राखली. खरं निघालं तर श्रीपतशी व्यवहार बंद. विहारात पाय नाही, सोयरीक नाही, मयताला खांदा नाही.

“त्याला मी इचारनार नाय,” धर्माजी म्हणाला. “वयनी, तुला इचारनार. तू पंचशील घेतलंस. खोटं बोलनार नायस.”

येसूबाईनं मान हलवली. खोटं ती बोलणार नव्हती. पण खरं काय ते तरी तिला कुठं ठाऊक होतं?

आता येसूबाईच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. विंचू उतरवणाऱ्याच्या घरात विंचू चावलेला माणूस नव्हता. त्याचं श्रेय लोक मंत्राला द्यायचे आणि येसूबाईचं टाळकं फिरायचं. कारण ते श्रेय तिच्या काठीचं होतं. गवरी काढायची तर आधी राशीवर काठी आपटायची. सरपण कुडाला टेकवून रचायचं नाही. भिंतीत चीर दिसली की त्याच दिवशी माती लिंपायची. गोधडी झटकल्याशिवाय अंथरायची नाही, वहाण उलटी केल्याशिवाय पायात नाही. तिन्हीसांजेला गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. आणि अंगणात कोंबड्या, कारण कोंबडीला विंचू म्हणजे खाऊ. धाकट्या जावेनं विनाकाठीची गवरी काढली होती, तर तिला येसूबाईनं वस्तीभर ऐकू जाईल असं झापलं होतं.

बैठकीला थोडे दिवस उरले असताना कशेळ्याचा एक माणूस आला, मानेला गांधीलमाशी चावलेला. श्रीपतनं त्याला ओट्यावर बसवलं. येसूबाई अंगणाच्या टोकाला गवऱ्या काढत होती. शेवग्याच्या बुंध्यानं नेमकं नवऱ्याचं तोंड झाकलं, म्हणून ती वाकली, अजून वाकली, मान लांब केली. काठी डाव्या हातात तशीच राहिली आणि उजवा हात राशीत गेला.

निखारा दाबल्यासारखं झालं. हात बाहेर आला तेव्हा पाठोपाठ काळा, बोटभर विंचू नांगी वर करून राशीवरून चालत गेला, काही घाई नसल्यासारखा.

ती ओरडली नाही. ओरडली ती धाकटी जाऊ. सगळी वस्ती गोळा झाली, धर्माजी शाळेतून आला तसा घंटेची हातोडी हातात घेऊनच आला. श्रीपत साबण आणि पाणी घेऊन पुढे झाला. कळ कोपरापर्यंत चढली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण येसूबाईनं हात पदराआड लपवला.

“तोंडात पानी धरा,” ती म्हणाली.

श्रीपतला कळेना. तिनं पुन्हा सांगितलं. तांब्या घ्या, तोंड भरा, आणि ते भरलेलं ठेवून मगच हाताला हात लावा. साऱ्या वस्तीदेखत.

श्रीपतनं तिच्याकडे पाहिलं, धर्माजीकडे पाहिलं, आणि तोंड भरलं. गाल कवठासारखे फुगले. त्यानं बोट धुतलं, ओली पट्टी ठेवली, हात फळीवर टेकवून धरला. वस्ती त्याच्या गालांकडे बघत राहिली. मध्येच गाल बसले. येसूबाईनं कळवळतानाही ते टिपलं.

“गिळलंत? परत भरा.”

हसू आलं ते लोकांना, पण कुणी हसलं नाही. कळ खांद्यापर्यंत चढली, तिथे थांबली, आणि दिवेलागणीपर्यंत मनगटाशी उतरली. श्रीपतनं तांब्यांवर तांबे रिचवले होते. येसूबाईनं सगळ्यांदेखत साक्ष दिली की या माणसानं ओठ उघडले नाहीत आणि माझं विष उतरलं. धर्माजीनं हातोडी खाली ठेवली. पौर्णिमेच्या बैठकीत विहाराच्या कौलांवर बोलणं झालं, श्रीपतवर नाही.

येसूबाईचं समाधान मात्र झालं नाही. मंत्राविना विष उतरलं, म्हणजे काळ्या विंचवाचं विष आपल्या पायानंच उतरतं. मग सासऱ्यापासून आजवर उतरवलं ते काय होतं? आणि दुसरी शंका त्याहून वाईट. तोंड बंद होतं. मन कुठं बंद होतं?

म्हणून तिनं दंडक घातला. यापुढे कुणीही येवो, आधी तोंडात पाणी. श्रीपतनं ऐकलं. आणि इथे सगळा घोटाळा झाला.

वरच्या आळीनं या पाण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. शिरपानं नवा मंत्र सिद्ध केलाय म्हणे. मुका मंत्र. तो बोलायचा नसतो, पाण्यात उतरवायचा असतो. बायकोलाच त्यानं आधी बरं केलं, सारं गाव साक्षी. हवाबीनं ही बातमी सुकटीबरोबर कोंडाणे गावापर्यंत पोचवली. येसूबाईनं मंत्र मारायला योजलेलं पाणीच मंत्र होऊन बसलं. तिनं हवाबीला धरून विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “मी काय बोलले? लोक इचारतात, मी हो म्हनते.”

भाताच्या झोडणीचे दिवस होते. वरच्या आळीतल्या जानकीबाईच्या मुलाला, हिरामणला, खळ्यावर पेंढा उचलताना पायाला विंचू चावला. जानकीबाई म्हणजे ती बाई, जिच्या विहिरीवर येसूबाईनं कधी पोहरा टाकला नव्हता. उन्हातान्हात मागितलं तर जानकीबाई पाणी वरून ओंजळीत ओतायची, आणि ओतताना निऱ्या आवरून धरायची. आज ती बैलगाडीमागे पळत आली होती. तिच्या हातात घासूनपुसून लख्ख केलेला तांब्याचा लोटा होता.

गाडी वळणावर दिसताच श्रीपतनं सवयीनं तोंड भरलं. लोकांनी हिरामणला ओट्यावर निजवलं. जानकीबाईनं लोटा त्याच्या पुढ्यात ठेवला, अगदी हाताशी.

“आमच्या हिरीचं हाय, शिरपा,” ती म्हणाली. “ते थुक नि हे धर तोंडात. मंग त्याच्या पायावर शिंपड तुज्या तोंडचं.”

येसूबाई दारात उभी होती. तिला वाटलं, आपले कान गेले. ज्याची सावली चालत नव्हती त्याची चूळ मागायला वरची आळी हात जोडून उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड भरलेलं, नाही म्हणायची सोय नाही. पण डोळे? डोळ्यांत तिला काहीतरी चमकल्यासारखं दिसलं. त्याला हे गोड लागतंय. बापाच्या वेळेपासून चार हात लांब ठेवलेला माणूस. आज त्याच्या गालातल्या पाण्यासाठी ही रांग. क्षणभर खुद्द येसूबाईलाही ते गोड लागलं. शिंपडू दे, तिच्या मनात आलं. एकदा शिंपडू दे यांच्यावर.

मग तिची नजर हिरामणकडे गेली. बाकी सगळे श्रीपतचे गाल बघत होते. हिरामणच्या कपाळावर घाम डवरला होता. तिनं हात लावला. गार. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

“काळा व्हता का तांबडा?” तिनं विचारलं. गाडीवाला म्हणाला, तांबडा, बारीकसा.

“गिळा ते पानी,” ती नवऱ्याला म्हणाली. “ह्याला कर्जतला न्या. आत्ता.”

श्रीपतनं गिळलं आणि तोही तेच म्हणाला, गाडी वळवा. पण जानकीबाई गाडीच्या आडवी झाली. आधी शिंपडू दे, मग न्या कुठं न्यायचं ते. आळीतले लोक तिच्या बाजूचे. श्रीपतनं समजावलं, हात जोडले. तो जेवढा नको म्हणेल तेवढा लोकांचा ग्रह पक्का होई, की बाटलेला गडी डाव धरून बसलाय. लोटा मध्ये तसाच, काठोकाठ भरलेला, आणि हिरामण कण्हत होता.

येसूबाई पुढे आली. तिनं लोटा उचलला, तोंडाला लावला आणि जानकीबाईच्या डोळ्यांदेखत सगळं पाणी पिऊन टाकलं. घटाघटा, मान मागे टाकून. गळ्यावरून ओघळलेलं पदरानं पुसलं आणि रिकामा लोटा उपडा करून दाखवला.

“संपलं,” ती म्हणाली. “आता बैल हाका, जानकीबाय. लेकरू जाईल तुमचं.”

भांड्याला येसूबाईचं तोंड लागलं होतं. त्यातून आता चूळ भरून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि अडून उभं राहण्यासारखंही. जानकीबाई बाजूला झाली. नेरळपर्यंत बैलगाडी, तिथून अबूबकर नावाच्या जीपवाल्याच्या गाडीनं कर्जत. श्रीपत हिरामणचा पाय मांडीवर धरून गेला. दवाखान्यात हिरामण काही दिवस पडून होता, डॉक्टरांनी आशा नाही म्हणून एकदा मान हलवली होती, पण वाचला.

लोटा न्यायला कुणी आलं नाही. तो बाटला होता. येसूबाईनं चिंचेनं घासून फडताळात ठेवला.

त्या दिवसानंतर श्रीपतनं विंचू बघायचं सोडलं. म्हणजे तिनं सोडवलं. माणूस आला की तीच साबण घेऊन बसायची. आणि तिनं यावर तोड काढली. ती सारखी बोलायची. पट्टी ठेवताना, बोट धुताना, अखंड तोंड चालू. काल कालवण कशाचं केलंस, कुठं बसलावतास, आंधळा हायस का, गोधडी झटकायला हात मोडतात का, सून काठी आपटते का नुसती भांडी आपटते. वेदनेनं कळवळणारा माणूस वैतागून उत्तरं देई आणि पडून राही. तिचा आवाज खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्या बडबडीत मंत्राला शिरायला फट नव्हती. लाळ दिसली की बोलता बोलताच ती गाडीला हाक मारायची. आणि बरं वाटल्यावर माणूस विचारायचा, बाय, काय केलंस? ती म्हणायची, काय नाय केलं, तुझं तोंड चालू ठेवलं.

वरच्या आळीतल्या बायका गवऱ्यांवर काठी आपटायला लागल्या. जानकीबाईसुद्धा. का, ते कबूल करत नव्हत्या.

वर्षं सरली. गावात दिव्यांचे खांब आले, कशेळ्याला एस. टी. जाऊ लागली. श्रीपत थकला, ओट्यावर बाजेवर पडून असायचा. येसूबाईचे केस पिकले, शंका काळीची काळीच राहिली. एका दुपारी लसूण सोलता सोलता तिनं विचारलं. “खरं सांगा. मंत्र सोडला म्हनालात नि ओठ कशापायी हलायचे?”

श्रीपतनं तिच्याकडे तोंड वळवलं.

“गेला का बगायचो,” तो म्हणाला. “पडलेल्या दाताच्या जागंवर जीभ जाते ना गं, तसं. पैला शबुद काढायचो. दुसरा येतो का बगायचो. यायचा मेला.”

येसूबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. म्हणजे ती चुकली नव्हती. आणि तोही खोटा नव्हता. तिला सासूचे टाक आठवले, डोहात बुडालेले. तिचाही हात कधीकधी रिकाम्या देव्हाऱ्याच्या कोनाड्याकडे जायचा, सकाळी, उगीच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही सांगितलं नाही.

“नि आता?” तिनं विचारलं. “आता येतो का दुसरा?”

श्रीपत कोपरावर उठला. बाजेखालचा तांब्याचा लोटा, तोच जानकीबाईचा, उचलला. तोंडभर पाणी घेतलं. गाल आता पूर्वीसारखे फुगत नव्हते, कडेनं थोडं गळलं. त्यानं ते गिळलं नाही. तोंड गच्च मिटून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती.

“गिळा,” येसूबाई म्हणाली. “ठसका लागंल.”

आणि ती पुन्हा लसूण सोलायला लागली, पण तिरक्या नजरेनं त्याचे ओठ बघत.